मोफत स्कूटीची जाहिरात आणि गेलेले ७८,२४९ रुपये: सीमाभागातलं एक प्रकरण

बक्षिसाच्या फसव्या जाहिराती बहुतेक एकाच साच्यातल्या असतात. त्या साच्याच्या सगळ्या पायऱ्या एकाच घरात घडल्या तर काय होतं, हे दाखवण्यासाठी हे नमुना प्रकरण बांधलं आहे. बाई, तिचं घर, वार आणि रकमा नमुन्यादाखल आहेत. पद्धत, बँकेचे नियम आणि तक्रारीची वाट मात्र खरी आहे.

बेळगाव तालुक्यात महाराष्ट्रातल्या चंदगडच्या हद्दीला लागून असलेलं गाव. बाई सत्तेचाळीस वर्षांची, घरीच ब्लाउज आणि परकर शिवते. नवरा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळीवर जातो, मुलगा पुण्याला. राष्ट्रीयीकृत बँकेत बाईचं खातं आहे. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार त्यातच येतात आणि शिलाईचे, भिशीचे पैसेही त्यातच राहतात. ती मराठी सहज वाचते. बँकेचे संदेश इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये येतात, ते ती आकड्यापुरते बघते.

गुरुवार रात्र: जाहिरात

फेसबुकवर व्हिडिओ बघताना मध्येच जाहिरात आली. बेळगावातल्या एका दुचाकीच्या शोरूमला पंचवीस वर्षं झाली, त्यानिमित्त जिल्ह्यातल्या महिलांसाठी लकी ड्रॉ, पहिलं बक्षीस स्कूटी. मजकूर मराठीत होता, फोटो खऱ्या शोरूमच्या दर्शनी भागाचा. जाहिरात कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या वयाच्या, कोणती भाषा वापरणाऱ्या माणसांना दिसावी, हे पैसे भरणारा ठरवू शकतो. त्यामुळे ‘ही आपल्या भागातलीच आहे’ असं वाटणं हा जाहिरातीच्या रचनेचाच भाग असतो.

दाबल्यावर नऊ खोक्यांचं पान उघडलं. तीन संधी. पहिलं खोकं रिकामं निघालं, दुसऱ्यात स्कूटी. इथे नशिबाचा काही संबंध नाही. पहिल्यांदा रिकामं आणि दुसऱ्यांदा बक्षीस, हे पानाच्या कोडमध्ये आधीच लिहिलेलं असतं. कोणीही, कोणतंही खोकं दाबलं तरी हेच घडतं. पडताळायचं असेल तर तेच पान दुसऱ्या फोनवर उघडून वेगळी खोकी दाबा. खालच्या ‘मला मिळाली, धन्यवाद’ छापाच्या प्रतिक्रियासुद्धा त्या पानावरचं चित्र असतात. त्यातल्या नावावर बोट ठेवलं तर काहीच उघडत नाही.

मग पाच मिनिटांचं उलटं घड्याळ आणि अर्ज: नाव, मोबाइल, पिनकोड, आणि ‘तुमची बँक कोणती’. बक्षिसाला बँकेचं नाव कशाला लागतं, हा प्रश्न त्या घड्याळाच्या धाकात सुचत नाही. शेवटी ‘वीस जणांना किंवा पाच ग्रुपना पाठवा’. तिने बचत गटाच्या, भिशीच्या आणि माहेरच्या ग्रुपवर पाठवलं. प्रत्येक वेळी हिरवी पट्टी थोडी पुढे सरकत होती. संदेश खरोखर गेला का, हे त्या पानाला कळत नाही. ते फक्त बटण किती वेळा दाबलं ते मोजतं. पण पाठवणाऱ्याच्या नावाने संदेश गेला की पुढच्या माणसाचा निम्मा संशय तिथेच संपतो. भिशीतल्या तिघींनी त्याच रात्री अर्ज भरला.

आतापर्यंत एक रुपयाही गेला नव्हता. तरी पलीकडच्या माणसाला मोबाइल नंबर, बँकेचं नाव, गाव आणि ‘ही बाई सांगितलं तसं करते’ ही खात्री, एवढं सगळं मिळालं होतं. फुकट बक्षिसाच्या जाहिरातीचा खरा माल हाच. अशा याद्या विकल्या जातात, म्हणून तिथे थांबलेल्या माणसालाही पुढे वेगवेगळ्या निमित्ताने फोन येत राहतात.

शुक्रवार ते सोमवार: चार रकमा

शुक्रवारी अकराच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर फोन आला. नंबरच्या जागी शोरूमचं चित्र. माणूस हिंदीमिश्रित मराठीत बोलत होता. ‘ताई, अभिनंदन. गाडी तुमच्या नावावर बुक झालीय.’ पाठोपाठ तिच्या नावाचं शिक्का मारलेलं प्रमाणपत्र आणि क्यूआर कोड. नोंदणी १,४९९ रुपये, गाडी मिळताना परत. दुपारी विमा आणि आरटीओचे ६,८५०. शनिवारी बक्षिसावरचा कर १२,४००.

कराच्या मुद्द्यावर शिकलेली माणसंही फसतात, कारण त्यात अर्धं सत्य आहे. दहा हजारांवरच्या बक्षिसावर देणाऱ्याने ३० टक्के दराने कर कापायचा असतो. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर वस्तू ताब्यात देण्याआधी कर भरला गेला आहे, याची खात्री करणं हेही देणाऱ्याचंच काम. म्हणजे ‘आधी कर’ हे वाक्य कायद्यात बसतं. पण तो कर पॅन नंबरवर, चलनाने, सरकारच्या खात्यात जातो. कोणाच्या युपीआयवर जात नाही आणि ‘नंतर परत’ तर मुळीच मिळत नाही. शिवाय साधा हिशेब आहे: ऐंशी-नव्वद हजारांच्या गाडीचे ३० टक्के पंचवीस हजारांच्या घरात जातात, १२,४०० होत नाहीत. हा आकडा बाईकडून किती निघेल, या अंदाजाने ठरवलेला होता.

सोमवारची मागणी या भागासाठीच शिवून आणलेली. ‘गाडी कोल्हापूरहून निघाली, कोगनोळी नाक्यावर अडवलीय. महाराष्ट्राचं पासिंग आहे, कर्नाटकचा टॅक्स भरल्याशिवाय सोडत नाहीत. ९,५०० लागतील.’ एमएच पासिंगच्या गाडीला इकडे आरटीओने अडवून टॅक्स भरायला लावल्याचे किस्से सीमेवरच्या प्रत्येक गावात ऐकायला मिळतात. ऐकीव माहितीत बसणारी अडचण सांगितली की माणूस ती तपासत नाही, उलट स्वतःच समजून घेतो. बेळगावातल्या शोरूमच्या नव्या कोऱ्या गाडीला महाराष्ट्राचं पासिंग कसं आणि ती टॅक्ससाठी कशी अडेल, हे तिथे कोणी विचारलं नाही. हे ९,५०० तिने भिशीच्या जमा रकमेतून दिले.

चारही वेळा एक गोष्ट फोनच्या पडद्यावर उघड दिसत होती. क्यूआर स्कॅन केल्यावर, पिन टाकायच्या आधी, पैसे घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नाव येतं. पहिल्या वेळी एका पुरुषाचं नाव, दुसऱ्या वेळी कुठल्याशा ‘एंटरप्रायझेस’चं, तिसऱ्या-चौथ्या वेळी आणखी दोन वेगळी माणसं. शोरूमचं नाव एकदाही आलं नाही. विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘ते आमच्या अकाउंटंटचं नाव आहे.’ बाकी सगळं, म्हणजे प्रमाणपत्र, शिक्का, चित्र, आवाज, बनवता येतं. पडद्यावर येणारं ते नाव बँकेकडून येतं. या पूर्ण साखळीत खोटं न बोलणारी तेवढी एकच जागा आहे, आणि माणसं तिथेच घाईत पुढे जातात.

इथवर ३०,२४९ रुपये गेले.

मंगळवार: परतफेडीचा फोन

पाचव्या मागणीला बाईने नकार दिला. ‘माझे पैसे परत द्या, गाडी नको.’ इथे अनेकांना वाटतं की प्रकरण संपलं. खरं तर सगळ्यात मोठा धोका इथून सुरू होतो.

मंगळवारी दुपारी वेगळ्या माणसाचा फोन आला, आवाज नरम, भाषा शुद्ध. आपण ग्राहक तक्रार विभागातून बोलतो, आधीच्या माणसाला कामावरून काढलं आहे, पूर्ण रक्कम परत मिळेल. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल आली, नावाच्या शेवटी ‘एपीके’. प्ले स्टोअरच्या बाहेरून अ‍ॅप टाकायची ही फाइल. फोनने इशारा दिला होता. फोनवरचा माणूस म्हणाला, ‘ते सगळ्यांनाच येतं, ताई, पुढे जा.’

अ‍ॅपने एकामागून एक परवानग्या मागितल्या: एसएमएस वाचणं, एसएमएस पाठवणं, संदेशांचं मुख्य अ‍ॅप म्हणून निवड. शेवटी परतफेडीच्या अर्जात डेबिट कार्डचा नंबर, मुदत आणि एटीएमचा पिन.

यातून काय साधतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण ‘मी ओटीपी कोणालाच सांगितला नाही’ हे वाक्य अशा बऱ्याच घरांत ऐकू येतं आणि ते खरंही असतं. नव्या फोनवर युपीआय सुरू करताना बँकेत नोंदलेल्या सिमवरून एक एसएमएस जावा लागतो. तो त्या अ‍ॅपने बाईच्या फोनवरून गुपचूप पाठवला. युपीआयचा नवा पिन बसवायला कार्डचे शेवटचे सहा अंक, मुदत आणि ओटीपी लागतो, काही ठिकाणी एटीएम पिनही. कार्ड आणि पिन तिने अर्जात भरले होते, ओटीपी अ‍ॅपने वाचून पुढे धाडला. संदेशांचं मुख्य अ‍ॅप तेच असल्यामुळे बँकेचे एसएमएस तिला दिसलेच नाहीत.

बऱ्याच बँका नव्या फोनवर युपीआय सुरू झाल्यावर पहिले २४ तास ५,००० रुपयांचीच मर्यादा ठेवतात. म्हणून मंगळवारी रात्री ५,००० गेले आणि मर्यादा उठल्यावर बुधवारी रात्री पावणेबाराला ४३,०००. मधला पूर्ण बुधवार हातात होता. त्या दिवशी कोणी पासबुक भरून आणलं असतं, किंवा दुसऱ्या फोनवरून बँकेला ‘अनोळखी अ‍ॅप टाकलंय’ एवढं कळवलं असतं, तर मोठी रक्कम वाचली असती.

गुरुवार-शुक्रवार: कळल्यानंतरचे तास

गुरुवारी भिशीचा हप्ता काढायला ती बँकेत गेली तेव्हा खात्यात तीनशे रुपये उरले होते. कॅशियरने कार्ड आणि युपीआय तिथल्या तिथे बंद केलं, हे बरं झालं. पण लेखी तक्रार कोणी घेतली नाही, आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोनही झाला नाही. नवरा दुसऱ्या पाळीवरून यायची वाट बघण्यात संध्याकाळ गेली. वाटेत भिशीतल्या एकीने सहज विचारलं होतं, ‘वैनी, स्कूटी कधी यायलीया?’ त्या प्रश्नानंतर घराबाहेर तोंड दाखवायलाही नको झालं. शुक्रवारी सकाळी जवळच्या ठाण्यात, तिथून शहरातल्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांच्या) ठाण्यात, आणि दुपारी एकला १९३० वर नोंद झाली. शेवटची रक्कम जाऊन सदतीस तास उलटले होते.

लाज वाटणं स्वाभाविक आहे आणि ती कोणी थट्टेवारी नेऊ नये. पण घरातल्यांनी एवढं जाणून असावं की या काळात पैसा कुठेतरी गुपचूप पडून नसतो. पहिल्या खात्यातून तो भाड्याने घेतलेल्या दुसऱ्या, तिसऱ्या खात्यांत वाटला जातो आणि मग एटीएममधून काढला जातो. १९३० वर नोंद झाली की तक्रार त्या त्या बँकांकडे जाते आणि ज्या खात्यात जेवढी रक्कम उरली असेल तेवढी रोखली जाते. या प्रकरणात ४३,००० पैकी ६,२०० रुपये तिसऱ्या खात्यात सापडले आणि रोखले गेले. तासाभरात फोन केला असता तर हा आकडा बराच मोठा असता.

१९३० ला फोन करताना हाताशी हवं ते एवढंच: आपल्या बँकेचं नाव आणि खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची रक्कम, तारीख, वेळ आणि बारा अंकी व्यवहार क्रमांक. तो युपीआय अ‍ॅपच्या इतिहासात मिळतो. अ‍ॅप बंद झालं असेल तर बँकेकडून उतारा घ्या. नोंद झाल्यावर पोचक्रमांक येतो. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर २४ तासांच्या आत पूर्ण तक्रार भरायची. राज्य निवडताना कर्नाटक निवडा, सिम महाराष्ट्रातलं असलं तरी. सगळ्या रकमा, पहिल्या १,४९९ सकट, एकाच तक्रारीत लिहा. लहान रकमा सोडून दिल्या तर जाहिरात आणि शेवटची चोरी यांचा धागा तुटतो. महाराष्ट्राच्या हद्दीत, शिनोळीला किंवा कोल्हापूरला कामावर असताना कळलं, तर तिथल्या ठाण्यातही तक्रार देता येते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर शून्य एफआयआरची (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायच्या गुन्ह्याची) मागणी करा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती तरतूद आहे. गुन्हा साधारणपणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ आणि ३१९ खाली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी आणि ६६ डी खाली बसतो.

फोनचं काय करायचं, यात एक क्रम पाळावा लागतो आणि तो बहुतेकांचा चुकतो. घाबरून फोन आधी कोरा करतात, म्हणजे पुरावाच पुसतात. आधी विमान मोड लावा आणि वायफाय बंद करा. सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला, म्हणजे बँकेचे संदेश पुन्हा दिसायला लागतील. त्याच फोनवरून *#२१# लावून कॉल दुसरीकडे वळवलेत का ते बघा, वळवले असतील तर ##००२# लावून बंद करा. मग बिघडलेल्या फोनवरच्या संभाषणाचे, नंबराचे, क्यूआरचे, प्रमाणपत्राचे, त्या अ‍ॅपच्या नावाचे आणि परवानग्यांच्या पानाचे फोटो दुसऱ्या फोनने काढा. एपीके फाइल कोणाला पुढे पाठवू नका. पोलिसांनी सगळं बघितल्यावर अ‍ॅप काढा. काढण्याचं बटण दबत नसेल तर सेटिंगमध्ये त्याला दिलेले डिव्हाइस अ‍ॅडमिन आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीचे अधिकार आधी काढून घ्यावे लागतात. शेवटी फोन पूर्ण कोरा करा. त्या फोनवरचा जुना बॅकअप घेऊन अ‍ॅप परत भरू नका. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जोडलेली अनोळखी उपकरणं काढून दोन टप्प्यांची पडताळणी लावा. आधारचा फोटो दिला असेल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, आणि संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते तपासा. त्याच पोर्टलवरचं ‘चक्षू’ हे पैसे जायच्या आधी संशयास्पद फोन कळवण्यासाठी आहे. पैसे गेल्यावर तिथे वेळ घालवू नका.

बँकेकडून काय मिळू शकतं

इथे चार रकमा आणि नंतरचे ४८,००० हे वेगळे धरावे लागतात. पहिले चार व्यवहार बाईने स्वतः पिन टाकून केले. फसवून करून घेतले, तरी बँकेच्या भाषेत ते ग्राहकाने केलेले व्यवहार आहेत. ते परत मिळायचे तर पोलिसांनी रोखलेल्या रकमेतूनच.

नंतरचे दोन तिने केलेले नाहीत. रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातून आलेला नियम (सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वेगळं परिपत्रक निघालं) सांगतो की, चूक ग्राहकाचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर तीन कामकाजी दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर काही बोजा येत नाही. ग्राहकाने स्वतः कार्ड किंवा पिन दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र बँकेवर आहे. म्हणून ‘तुम्हीच पिन दिलात’ असं काउंटरवर तोंडी ऐकून परत फिरू नये. अर्ज लेखी द्या, शिक्क्याची पोच घ्या, १९३० चा पोचक्रमांक त्यात लिहा. नव्या फोनवर युपीआय कोणत्या वेळी नोंदलं गेलं आणि इशाऱ्याचा संदेश कधी गेला, याची माहिती मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनाशुल्क करता येते, चौकशीचा नंबर १४४४८. पतसंस्था आणि सौहार्द (कर्नाटकच्या वेगळ्या कायद्याखालच्या सहकारी) सोसायट्यांमधल्या खात्यांना हा नियम लागू होत नाही, त्या बँका नाहीत. या भागात घरटी एक तरी खातं तिथे असतं, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं.

आधी तपासता आलं असतं ते

शोरूम बेळगावातच असल्याचं जाहिरात सांगत होती. तिथे जाऊन विचारायला बसचं तिकीट आणि अर्धा दिवस पुरला असता. जाहिरातीतला नंबर लावायचा नाही, दुकानाच्या पाटीवरचा किंवा जुन्या पावतीवरचा लावायचा. फेसबुकवर त्या पानाच्या माहितीत पान कधी तयार झालं, आधीचं नाव काय होतं, चालवणारे कोणत्या देशात आहेत हे अनेकदा दिसतं. पंचवीस वर्षांच्या दुकानाचं पान तीन आठवड्यांचं असेल तर तिथेच थांबावं. दुव्याचा पत्ता वाचताना सुरुवातीच्या ‘https://’ मधल्या दोन रेषा सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेषेच्या लगेच डावीकडे बघायचं. दुकानाचं नाव आधी कितीही वेळा आलं तरी मालक ठरतो तो त्या रेषेला चिकटलेल्या शब्दांवरून.

लॉटरीचा मुद्दा सीमेवर वेगळा उठतो. पलीकडे महाराष्ट्रात सरकारी लॉटरीची कागदी तिकिटं दुकानात मिळतात, इकडे कर्नाटकात २००७ पासून लॉटरी बंद आहे. त्यामुळे ‘महाराष्ट्राची लॉटरी लागली’ हा संदेश इथे खरा वाटू शकतो. तिकीट विकत घेतलं नसेल तर बक्षीस लागत नाही, बाकी काही तपासायची गरज नाही.

भिशीच्या ग्रुपवरचा संदेश शुक्रवारी संध्याकाळीही तसाच होता. व्हॉट्सअ‍ॅपवर जुना संदेश सगळ्यांसाठी काढून टाकायला साधारण दोन दिवसांची मुदत असते, ती टळली होती. अशा वेळी ग्रुप चालवणाऱ्याला तो काढायला सांगता येतं, आणि खाली साध्या मराठीत लिहावं लागतं: ही जाहिरात खोटी आहे, ज्यांनी अर्ज भरला त्यांनी आलेला फोन उचलू नये, एपीके टाकली असेल तर आत्ता बँकेला कळवावं. ग्रुप चालवणाऱ्या बाईंनी हे लिहिलं, तेव्हा अर्ज भरलेल्या तिघींपैकी एकीने १,४९९ रुपये पाठवल्याचं सांगितलं. तिचीही तक्रार त्याच रात्री १९३० वर गेली.

रोखलेले ६,२०० रुपये आपोआप खात्यात येत नाहीत. त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागेल का, हे ठाण्यात विचारून घ्यावं. लागणार असेल तर सीईएन ठाण्यातून एफआयआरची प्रत आणि रोखलेल्या रकमेचा, बँकेचा तपशील घेऊन अर्ज करावा लागतो, सोबत पासबुकाचा उतारा आणि ओळखपत्र. तालुका विधी सेवा समितीकडून महिलांना यासाठी मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तक्रार नोंदल्यानंतरच्या आठवड्यात बाईला आणखी एक फोन आला: ‘सायबर पोलीस बोलतोय, तुमची पूर्ण रक्कम सापडली, कोर्ट फी २,२०० पाठवा.’ तिने नाव आणि ठाणं विचारून फोन ठेवला, नंबर लिहून घेतला आणि तो सीईएन ठाण्यात देऊन त्याच तक्रारीला जोडायला सांगितला.